बघूया की

“बघूया की,” आबा म्हणाले आणि खाली बसले.

माईक हातातच राहिला होता, म्हणून पुन्हा अर्धे उठले, तो शेजारी बसलेल्या भट्टीवाल्या हसनभाईंकडे दिला आणि मग टोपी सारखी करून नीट बसले. हसनभाईंनी माईककडे बघितलं, व्यासपीठावरच्या तिघांकडे बघितलं, मग वर पंख्याकडे बघितलं.

“माझं बी त्येच. बघूया की.”

व्यासपीठाच्या कडेला एका डुगडुगत्या टेबलाशी मी बसले होते. भट्टीवाल्यांचं म्हणणं ऐकायला आलेल्या सरकारी समितीच्या अध्यक्ष नागलक्ष्मी मॅडम माझ्याकडे वळल्या. मूळच्या चेन्नईच्या, निवृत्त सनदी अधिकारी. मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम.

“काय म्हणाले?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“बघू, असं म्हणाले.” मीही इंग्रजीत सांगितलं. शब्दाला शब्द. सकाळपासून जो उठेल तो हेच म्हणत होता आणि मी हेच सांगत होते.

मॅडमच्या उजव्या हाताला भटनागरसाहेब होते, दिल्लीच्या वीज खात्याकडचे. त्यांचा चेहरा दर ‘बघूया की’ला थोडा थोडा उजळत चालला होता. “म्हणजे देखेंगे. सगळेच अनुकूल आहेत. लिहून घ्या शैलाजी, तत्त्वतः सहमत.”

माझं पेन कागदाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

मी काही सरकारी दुभाषी नव्हे. कोल्हापुरातल्या आमच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा माल परदेशी जातो, त्यांची इंग्रजी पत्रं मी लिहून देत असे. माझं इंग्रजी रेडिओवरच्या बातम्या, यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तकं आणि जर्मन गिऱ्हाइकांच्या तक्रारी यांतून गोळा केलेलं. त्यातही तक्रारींचा भाग मोठा, त्यामुळे माफी मागायचं इंग्रजी मला फार सफाईदार येतं. समितीचा पुण्याहून यायचा दुभाषी आजारी पडला. तेव्हा ओतकाम संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब खराडे म्हणाले, “आपली शैला आहे की. तातोबा मिस्त्रींची मुलगी. घरचंच माणूस.”

तातोबा मिस्त्री म्हणजे माझे आबा; आमची ओतकामाची लहानशी भट्टी. घरचंच माणूस म्हणजे काय, ते मला दुपारपर्यंत कळायचं होतं.

ही गोष्ट देशात कार्बनचा बाजार उभा करायची धावपळ चालली होती तेव्हाची. जमवलेल्या इंग्रजीतून मला समजलं ते असं : एक टन माल काढताना किती कार्बन हवेत सोडायचा, ते सरकार प्रत्येक कारखान्याला ठरवून देणार. त्याहून कमी सोडला तर उरलेला हक्क विकायचा, जास्त सोडला तर दुसऱ्याचा विकत घ्यायचा. मोठ्या कारखान्यांचं ठीक. पण आमच्याकडच्या कोक कोळशावर चालणाऱ्या लहान भट्ट्या पडल्या चिल्लर. प्रत्येकीचं वेगळं खातं कोण काढणार? म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की लहानांची मोट बांधावी, सगळ्यांचं मिळून एकच खातं काढावं आणि ते एका गटप्रमुखाच्या हाती द्यावं. कोल्हापुरात गटप्रमुख कोण, हे विचारायची गरज नव्हती. आप्पासाहेब व्यासपीठावर मॅडमच्या डाव्या हाताला बसले होते, आणि त्यांच्या कारखान्यात विजेची, जवळजवळ बिनधुराची भट्टी होती.

या योजनेच्या मसुद्यात एक बारीक ओळ होती. मी ती आदल्या दिवशी आबांना वाचून दाखवली होती. गटातली एखादी भट्टी बंद झाली, तर तिचा वाचलेला धूर गटाच्या खात्यात बचत म्हणून जमा होईल.

आबांनी ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, “म्हंजे बंद पडलेल्या भट्टीइतकी गुणाची भट्टी न्हाई.”

“तसंच झालं, आबा.”

“आन् आमाला काम देणार आप्पासाहेब. काम कमी केलं की भट्टी बंद. बंद झाली की जमा त्यांच्या खात्यावर.” ते बराच वेळ आपल्या भाजलेल्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिले. “हुशार हाय ज्यानं लिवलंय त्यो.”

एवढं समजलेला माणूस आज माईकवर ‘बघूया की’ म्हणून खाली बसला होता.

जेवायच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. हॉलच्या मागं नळाशी हात धूत होते. शेजारी हसनभाई ताटातली जिलेबी संशयानं बघत होते.

“आबा, ‘नाही’ म्हणायचं होतं ना तुम्हाला?”

“मग काय म्हणालो?”

“बघूया की म्हणालात.”

“त्येच की.”

“त्यांना ते ‘हो’ वाटतंय. भटनागरसाहेब ‘सहमत’ लिहायला सांगताहेत.”

आबांनी नळ बंद केला. “हॉलमधल्या समद्यांना कळलं मी काय म्हणालो ते.”

“त्या तिघांना नाही कळलं.”

“दोघांना,” हसनभाई म्हणाले. “तिसऱ्याला बराबर कळलंय.”

“मग सरळ सांगा ना दुपारी. एक शब्द तर आहे.”

“आप्पासाहेबांच्या तोंडावर?” आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना भर हॉलमध्ये सदरा काढायला सांगत होते. “तुझ्या भावाच्या लग्नात पयल्या पंगतीला बसलेला माणूस त्यो. वर्षाचं निम्मं काम त्यांचं येतं. आन् समद्यांम्होरं न्हाई म्हणू?”

“मग लिहू काय मी?”

“त्ये मला काय इचारतीस? आमचं त्यांना सांगायला तर बशिवलंय तुला.” टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं. “न्हाईतर तू कशाला हाईस तिथं?”

हसनभाईंनी जिलेबी तोडली. “पोरी, आमी ‘बघूया’ म्हणायचं आन् तू ‘न्हाई’ म्हणायचं. आमचं तोंड बी ऱ्हातंय आन् भट्टी बी. तुझं काय ऱ्हातंय त्ये मातुर इचारू नको.”

हसले दोघंही. मला हसू येईना. माझ्या निम्म्या पत्रांची गिऱ्हाइकं आप्पासाहेबांच्या शब्दावर आलेली होती.

हॉलच्या दारातच आप्पासाहेब भेटले. वाट अडवून नाही, बाजूला सरकून उभे राहिले. माणूस नेहमीच अदबीचा.

“शैला, सकाळपासून छान करतीयस. नीट लिही हं.”

“प्रयत्न करतेय, आप्पासाहेब.”

“तुला वाटत असेल, म्हातारा मोट बांधून सगळ्यांना गिळणार.” त्यांनी आवाज उतरवला, पण रागानं नाही. “तूच मला जर्मनीची पत्रं वाचून दाखवतेस ना? आता ते एकेका नगामागं किती कार्बन सोडला ते विचारतात. आज मला विचारलं, उद्या तुझ्या आबांना विचारतील. काय सांगणार आबा? आपण नाही म्हटलं तर दुसरं कुठलं गाव हो म्हणेल आणि आपण बघत बसू. लहान भट्ट्या तशाही जाणारच आहेत गं. मग जाताना चार पैसे गावात का राहू नयेत?”

“जाणार आहेत, की घालवायच्या आहेत?”

ते हसून म्हणाले, “बघ, तुझी मर्जी. आबांना म्हणावं, दिवाळीनंतरच्या कामाचं बोलायला या एकदा.”

मी पायरी चढले. त्यांच्या बोलण्यातलं निम्मं खरं होतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

व्यासपीठावर नागलक्ष्मी मॅडम एकट्याच दहीभात खात होत्या. संयोजकांनी त्यांच्यासाठी खास मागवलेला, वर डाळिंबाचे दाणे घातलेला.

“बसा,” त्या म्हणाल्या. “थकलात?”

“नाही मॅडम. एक विचारायचं होतं. हे आज जे लिहून जाईल, त्याचं पुढं काय होतं?”

“पुढं? कोल्हापूर हो म्हणालं, तर हा नमुना सगळ्या देशाच्या नियमांत जाईल. राजकोट, हावडा, बेळगाव, सगळीकडच्या लहान भट्ट्यांना तोच.” त्यांनी एक डाळिंबाचा दाणा बाजूला काढला. “भटनागरांना बाजार उघडायच्या आधी भरपूर खाती दाखवायची आहेत. पोलादवाल्यांना स्वस्त हक्क विकत हवेत. पर्यावरण खात्याला मोजणी आपल्या हातात हवी. दोन वर्षं आमच्याकडे भांडण चाललंय ते मोजायचं कोणी यावर. मोजायचं काय, यावर अजून कोणी भांडलेलं नाही.”

“आणि तुम्हाला काय हवंय?”

त्यांनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं, चुकलंच आपलं. पण त्या म्हणाल्या, “मला खरं काय ते हवंय. पण ते कुणीतरी मोठ्यांदा म्हटलेलं हवंय. मनातलं मला अहवालात लिहिता येत नाही.”

दुपारचं सत्र सुरू झालं. आणखी चौघे उठले; चार वेळा ‘बघूया की’. पंख्यांचा आवाज, मधूनच माईकची शीळ. मी मान खाली घालून लिहीत होते. समारोपाआधी इतिवृत्त वाचून दाखवायची पद्धत असते. मॅडम म्हणाल्या, “लहान भट्टीवाल्यांचं म्हणणं वाचा. इंग्रजीत, मग मराठीत.”

मी उभी राहिले. टेबल डुगडुगलं, की मी, कोण जाणे.

“लहान भट्टीवाल्यांची,” मी इंग्रजीत वाचलं, “एका गटात सामील व्हायला तयारी नाही.” आणि मग मराठीत : “लहान भट्टीवाले नाही म्हणतात.”

हॉलमध्ये जी शांतता पडली, ती मी आजही अंगावर ओढून बघते कधीकधी. गार असते.

मग खुर्च्या कुरकुरल्या. मागून कुणीतरी म्हणालं, “न्हाई कोण म्हणालं?” दुसरा म्हणाला, “आमी कुठं न्हाई म्हणालो?” आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्यापैकी कुणीही तो शब्द उच्चारला नव्हता.

आप्पासाहेबांनी माईक ओढला. “शैलाचा काहीतरी गोंधळ होतोय. कोण नाही म्हणालं असेल त्यानं उभं राहावं. मला वाईट वाटणार नाही.”

कोणी उभं राहिलं नाही. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आबा वर पंख्याकडे बघत होते.

भटनागरसाहेब मॅडमकडे वळले. “ह्या बाई दुभाषी आहेत की पुढारी? सगळे ‘देखेंगे’ म्हणाले. मी स्वतः ऐकलंय.”

“शैला,” मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच नावानं. “तुम्ही सकाळी मला सांगितलंत, ‘बघू’ म्हणतात. आता सांगताय, ‘नाही’ म्हणतात. कुठलं खरं?”

“दोन्ही, मॅडम.”

“हे कशावरून?”

शब्दकोशातला दाखला असता तर दिला असता. नव्हता. माझ्याकडे एकच दाखला होता आणि तो मी कधी कुणाला दिला नव्हता. मी इंग्रजीत बोलत होते, म्हणून तो देता आला. मराठीत माझ्याच्यानं झालं नसतं.

“माझा दहावीचा निकाल लागला त्या जूनमध्ये मी वडिलांना विचारलं, कॉलेजात नाव घालू का. ते म्हणाले, बघूया की. मी परकर-पोलकं सोडून नवा ड्रेस शिवून घेतला. रोज भट्टीवरून ते घरी आले की त्यांच्या तोंडाकडे बघायचे. कॉलेजच्या जागा भरल्या. माझ्या मैत्रिणी जाऊ लागल्या. घरात कुणी मला ‘नाही’ म्हटलं नाही, मॅडम. आजपर्यंत म्हटलेलं नाही. मी कॉलेजात गेले नाही, एवढंच. हो म्हणायचं असलं की माझे आबा माणसाकडे बघून ‘बरं’ म्हणतात. ‘बघूया की’ म्हणताना ते वर बघतात. आज सगळे वर बघत होते.”

मॅडम हळूच, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “पाक्कलाम.”

“काय?” भटनागरसाहेबांनी विचारलं.

“तामिळमध्ये. ‘बघू या.’ माझी आई भाजीवाल्यालाही हेच म्हणायची आणि मुलगी बघून गेलेल्या पाहुण्यांनाही. भाजीवाला पुन्हा यायचा नाही, पाहुणेही नाहीत.” त्यांनी चष्मा काढला. “आणि भटनागर, ‘तपासून बघण्यात येईल’ असा शेरा तुम्ही फायलींवर किती वेळा मारलाय? त्यातल्या किती तपासल्यात?”

भटनागरसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला.

“तरीसुद्धा,” मॅडम माझ्याकडे वळल्या, “मी व्याकरण अहवालात लिहू शकत नाही. एक जण तरी म्हणायला हवा.”

मी ते मराठीत सांगितलं. कोणी उठलं नाही. आता ‘सहमत’ लिहिलं जाणार, आपल्याच हातानं, आणि कोण कुठल्या हावड्यातला म्हातारा, ज्याला कोल्हापूर कुठं आहे तेही ठाऊक नाही, त्याची भट्टी विझणार, कारण आमच्या गावात तोंडावर नाही म्हणत नाहीत.

तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकली. आबा उभे राहिले. हातात माईक नव्हता, त्यांनी मागितलाही नाही.

“शैला,” ते म्हणाले, “मगाशी इंग्रजीत माझं नाव घेतलंस. ‘आबा’ म्हणालीस. आन् ‘बघूया की’ बी म्हणालीस. काय सांगितलंस त्यांना?”

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. आप्पासाहेबसुद्धा.

“जूनमधलं सांगितलं, आबा. दहावीनंतरचं. कॉलेजचं.”

आबांचं डोकं पंख्याकडे वळायला लागलं. अर्ध्यात थांबलं. ते खाली आलं आणि त्यांनी आप्पासाहेबांकडे बघितलं, सरळ, गिऱ्हाईक दारात आल्यावर बघतात तसं.

“आप्पासाहेब, राग मानू नगा. तवाचं बी न्हाईच हुतं. आन् आत्ताचं बी न्हाईच हाय.” आवाज फाटला, तो त्यांनी खाकरून सांधला. “पोरगी बराबर सांगतीया.”

बसले नाहीत. बसायचं विसरले बहुतेक. हसनभाई शेजारून उठले. “माझं ‘बघूया’ बी त्याच घरचं,” असं म्हणून त्यांनी आबांना दंडाला धरून खाली बसवलं, आणि स्वतः मात्र उभे राहिले. मग मागं आणखी खुर्च्या वाजल्या. सगळ्या नाही. पण पुरेशा.

मी लिहिलं. ह्या वेळी पेन अडलं नाही.

परत जाताना आबा माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. नाक्यावर म्हणाले, “इंग्रजीत ‘न्हाई’ लई लांब असतंय.”

“हो, आबा.”

“मला वाटलं एक शब्द असंल.”

दिवाळी झाली. आबा ठरल्याप्रमाणे आप्पासाहेबांकडे पुढच्या कामाचं बोलायला गेले. गेल्या गेल्या चहा आला, चकली आली, भावाच्या मुलांची चौकशी झाली. घरी आले ते टोपी न काढताच ओट्यापाशी बसले.

“काय म्हणाले?” आईनं विचारलं.

“बघूया म्हणाले.”

आईनं माझ्याकडे बघितलं. मी काही भाषांतर केलं नाही.

त्या वर्षी आमची भट्टी आठवड्याऐवजी पंधरवड्यानं पेटू लागली. भाऊ गावोगाव फिरून गटाराची झाकणं, उसाच्या चरकाचे दाते, मिळेल ते काम आणायचा. माझी तीन गिऱ्हाइकं गेली, मग एक परत आलं. तक्रारीचं इंग्रजी सगळ्यांना जमत नाही. भट्टी पेटायच्या दिवशी मी सकाळी गच्चीवर जाऊन धुराकडे बघायची. एवढ्या धुरासाठी दिल्लीत माणसं भांडताहेत, हे खरं वाटायचं नाही. आणि दिसला नाही तर मात्र पायऱ्या उतरून थेट भट्टीवर जायची.

नियम आले ते पुढं बऱ्याच दिवसांनी. मी ते छापून घेतले आणि आबांच्या पुढ्यात बसून शोधले. मोठे कारखाने आत. मोट बांधायची ती योजनाच गेलेली. लहान भट्ट्यांविषयी एकच वाक्य होतं.

“वाच,” आबा म्हणाले.

“लघुउद्योगांच्या समावेशाबाबत योग्य वेळी विचार करण्यात येईल.”

आबांनी ते ऐकलं. एव्हाना त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं, म्हणून मी पुन्हा वाचलं.

“म्हंजे बघूया की.”

“तेच. म्हणजे नाही. सुटलो आपण.”

“तसं म्हणू नगं,” आबा म्हणाले. ते वर बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. “एखांदा खरंच बघायला जातो.”

मला कळेना. मी कागद खाली ठेवला.

“मी गेलो हुतो,” ते म्हणाले. “त्या जूनमधी. भट्टीवरनं तसाच कॉलेजच्या फाटकापातूर. दोनदा गेलो. आत पोरं-पोरी, समदी पांढऱ्याफेक कापडातली. फाटकावरच्यानं इचारलं, कुणाकडं काम हाय? मला सांगता येईना. कुणाकडं असतंय त्ये काम, त्येच ठावं नव्हतं.” अंगठा मनगटावरून फिरत होता. “म्हणून माघारी आलो. हॉलमधी एवढं कुठं सांगत बसू? न्हाईच हुतं म्हणालो.”

बाहेर भावानं भट्टीला वारा देणारा पंखा सुरू केला होता. त्याचा घोंघाट घरापर्यंत येत होता.

म्हणजे त्या दिवशी, भर हॉलमध्ये, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यांसमोर मी केलेलं भाषांतर तंतोतंत बरोबर नव्हतं. दुरुस्ती कुणाला कळवायची, ते मलाही ठाऊक नव्हतं.